दाराआड

"आत येऊ नका," दाराआडून मालुबाई म्हणाली. "बेळगावात माणसं मानमोडीच्या तापानं मराय लागल्यात. तुमी तिथनंच आलाईसा."

परशराम गाठोडं घेऊन अंगणातच थांबला. कॅम्पातल्या गोदामात हमाली करून तो बऱ्याच महिन्यांनी जांबोटीला परतला होता. सर्दीनं सुरू होऊन माणूस बघता बघता आडवा होताना त्यानं पाहिला होता. पण आपल्याला काही झालेलं नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

"ताप चढायच्या आधीबी दुसऱ्याला लागतोय म्हणत्यात. पोरीचा तरी इचार करा."

तिचा आवाज बसला होता. रडून बसला असेल, असं त्याला वाटलं. पोरीला लांबून तरी बघू दे, म्हणून तो विनवत राहिला. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तो शेतातल्या खोपीत जाऊन राहिला. शेजारची शालूबाई बांधावर भाकरी ठेवून जायची. तिला हा ताप येऊन गेला होता, त्यामुळं ती सगळ्यांच्या घरी बिनघोर जायची. मालुबाई मात्र एकदाही फिरकली नाही. नवऱ्याला एवढं भ्यावं, याचा त्याला राग यायचा.

ओढ्यापलीकडं चितांचा धूर उठायचा. तो दिसला की परशराम कपाळाला हात लावून बघायचा. शिंक आली तरी त्याचं अंग गार पडायचं. आपण हा ताप घरात नेला असता तर, या विचारानं त्याचा डोळा लागत नसे. मालूनं दार लावलं ते बरंच केलं, असं हळूहळू त्यालाही पटलं.

एकदा शालूबाई उशिरा आली. तिचे डोळे सुजले होते. गावात मरणाला खळ नाही, एवढंच बोलून ती माघारी वळली.

पुढंही परशरामाला काही झालं नाही. मग एका सकाळी ओढ्यावर अंघोळ करून तो घराकडं निघाला. पोरीला आता उचलून घेता येईल, म्हणून पाय भराभर पडत होते.

दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं, चूल गार होती. तो हाक मारणार तोच पोरीला कडेवर घेऊन शालूबाई मागून आली. मालू कुठाय, त्यानं विचारलं.

शालूबाईनं पोर त्याच्या हातात दिली.

"तू यायच्या आदल्या दिशीच तिला ताप भरलता, परशरामा. पोरीला माज्याकडं धाडलं आन् तुला आत घेतलं न्हाय. लेकराला बाप तरी ऱ्हाऊ दे, म्हणाली."