कीबोर्ड तेवढा स्वस्तातला

बाळांनो, डोळ्यांपुढे आणा: घरी टायपिंगची कामं घेणारी एक आई सुटे भाग निवडून नवा कम्प्युटर जोडून घ्यायला लेकीसोबत दुकानात गेली आहे.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, चिमणे. तूच निवड."

चिमणीने स्वतःच्या गेमसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं, "हे लागतंच गं," असं ठोकून दिलं आणि पैसे पुरावेत म्हणून कीबोर्ड सगळ्यात स्वस्तातला उचलला.

आठवड्याभरातच त्याची घट्ट बटणं दाबून आई बोटं चोळू लागली.

"कीबोर्ड वाईट आहे का गं?" चिमणीने हळूच विचारलं.

"छे! तू पारखून घेतलायस तो. माझीच बोटं म्हातारी झाली."

 

चिमणीने स्क्रूड्रायव्हर आणला, कार्ड काढून खोक्यात भरलं आणि म्हणाली, "आई, दुकानात चल. वाटेत तुला एक सांगायचंय."