पाहुण्यांची बाजू

सलग बारा सामने हरलेल्या थॉर्नबी फुटबॉल क्लबसाठी परगावी यायला कोणी तयार नव्हतं. आपली पोरं समर्थकाविना खेळणार नाहीत, या हट्टानं एनिडबाई दोन गाड्या बदलून एकट्याच मैदानावर पोचल्या. नियम म्हणून यजमान क्लबनं त्या एकटीवर पहारेकरी नेमला, क्लिफर्ड.

"अहो आजी, सहा गोल झाले! चहा प्या अन् घरी जा!" पलीकडून यजमानांचे लोक ओरडले. एनिडबाई आणखी मोठ्यानं गाऊ लागल्या.

"आवाज जरा कमी करा, बाई," क्लिफर्ड म्हणाला.

"एकटीचा आवाज आहे, बाबा. कमी केला तर उरेल काय?"

सातव्या गोलाला त्यांचा घसा पुरता बसला.



गाणं मात्र थांबलं नाही. स्वतःच्या गावाच्या शिव्या झेलत क्लिफर्डनं धृपद उचललं होतं.