पत्र्याचा डबा

"बाळ झोपलंय, मशीन बंद करा," साहेबांनी फर्मावलं, म्हणून धरणाच्या उथळ पाण्यात मी होडी बांबूनं रेटत आणली. समोर शेकडो फ्लेमिंगो माना पंखांत खुपसून एका पायावर उभे होते.

साहेबांनी कॅमेरा रोखला, पण फोटो काढेनात. "उडताना हवेत मला. तो डबा वाजवा."

"नाही साहेब, पाखरं उठवत नाही आम्ही."

"मग बघा. फोटोवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर लिहितो. उद्यापासून तुमच्या होडीत कुणी बसणार नाही."

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. पाणी उपसायचा पत्र्याचा डबा पालथा धरला आणि त्याच्यावर इंजिनाचा पाना उगारला.

"अहो, थांबा!" बाळाच्या आईनं दोन्ही हातांनी त्याचे कान झाकले. "रात्रभर रडून आत्ता कुठं झोपलंय!"

माझा हात वरच राहिला. "तीपण रात्रभर उडून आत्ता कुठं टेकलीत, ताई."

ताईंनी साहेबांकडं नुसतं पाहिलं. मग साहेबांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं, तेसुद्धा आवाज होऊ न देता.