तिसरं पातं

जपानमधल्या बिझेन गावच्या एका तलवार-मंडळात दर महिन्याला पारख चाले. पात्यांच्या मुठी उतरवायच्या, खाली कोरलेली सही फडक्यात गुंडाळायची, म्यानं आतल्या खोलीत ठेवायची आणि नुसतं पोलाद बघून लोहार ओळखायचा. चाळीस वर्षांत ओरिकासा गुरुजींचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

आज तिसरं पातं त्यांनी उजेडात धरलं आणि वाकून नमस्कारही न करता खाली ठेवलं.

"याने मुळा चिरा! शुद्ध नकली."

शिष्यांनी लगेच माना डोलावल्या.

"गुरुजी, आमचे हे मरेपर्यंत याला रोज नमस्कार करायचे," पातं घेऊन आलेल्या शिनोबूबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा बघता का?"

"पुन्हा बघितल्याने नकली अस्सल होतं का, बाई?"

शिनोबूबाई आतून म्यान घेऊन आल्या. पांढऱ्या लाकडावर शाईने लिहिलं होतं: 'सातशे वर्षांचं अस्सल पातं. पारखी, ओरिकासा.'

"आमच्याच घरी बसून लिहिलं होतंत तुम्ही."

गुरुजींनी चष्मा चढवला, एकेक अक्षर निरखलं आणि म्यान खाली ठेवलं.

"अक्षरही नकली आहे."