गाडीची खोली

गुडघे गेल्यापासून इंदुताईंचं जिना उतरणं बंदच झालं होतं. त्यांचा ज्ञानेश चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, रंगकामावर सुपरवायझर. त्यानं मोशीच्या घराखालच्या गॅरेजची आईसाठी खोली करायचं ठरवलं. पण काम कसं, कंपनीसारखं चोख पाहिजे.

उन्हाळ्यात तो म्हणाला, "आत्ता प्लॅस्टर केलं तर तडकणार." पावसाळ्यात म्हणाला, "भिंती ओल धरतील." थंडीत हवा अगदी मनासारखी झाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काम चालेपर्यंत गाडी बाहेर दवात उभी राहणार आणि तिच्या रंगाची वाट लागणार. म्हणून आधी अंगणात गाडीसाठी शेड बांधायला घेतली. वेल्डरच्या मागे फिरता फिरता होळी आली, पण शेड झाली एकदम फक्कड. वर पत्रा, खाली फरशी, कोपऱ्यात दिवा.

"आता ऊन वाढलं. गॅरेजचं दिवाळीनंतर बघू," ज्ञानेश म्हणाला.

इंदुताई एकेका पायरीवर बसत बसत खाली आल्या. शेडमधल्या गार फरशीवर त्यांनी पाय टेकवून पाहिले.

 

"गाडी राहू दे बाबा तिच्या खोलीत. माझी खाट हितं टाक."