सकाळचा निरोप

थोरल्या आदर्शचं लग्न झालं त्याच साली, म्हणजे दोन हजार एकोणीसला, धाकटा सौरव कॅनडाला गेला. तेव्हापासून उशाखालचा फोन थरथरल्याशिवाय नागुबाईचा दिवस उजाडत नसे. आज मात्र चहावर साय धरली तरी फोन गप्पच होता.

"पी की गं आई," आदर्श तिच्या कानाशी ओरडला.

"आधी सौरवचं येऊ दे."

उभा जन्म मागाच्या खडखडाटात साड्या विणून नागुबाईचे कान गेले होते. फोनवरचं बोलणं तिला कळत नसे. अक्षरं मात्र ती म्हातारपणी, प्रौढांच्या वर्गात जाऊन शिकली होती. बोट फिरवत, पुटपुटत ती निरोप वाचायची. 'आई, गोळी घेतलीस का? गार पाणी पिऊ नको.' एवढंच असायचं. पण तेवढ्यावर तिचा चेहरा फुलायचा.

ती गोळी पाकिटातून काढून तिच्या तळहातावर ठेवायचा आदर्श. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा हात लुळा पडल्यापासून तिला उठवायचा, बसवायचा, वेणी घालायलासुद्धा शिकला होता. नाव मात्र सौरवचं.

शेजारची जयाबाई ताक घेऊन आली आणि नागुबाईच्या कानाशी ओरडली.

"चहा का न्हाय घेतलासा, आक्का?"

"माझ्या पोराचं काय आलं न्हाय अजून."

"थोरला हाय की जवळ. सोन्यासारखा."

"हाय की! दिवसभर त्या काळ्या पडद्याफुडं बसलेला असतोय. घरात असून नसल्यागत. सौरव बघ, सात समुद्रापल्याड हाय, पर एक दिवस इसरला न्हाय."

जयाबाईनं आदर्शकडे पाहिलं आणि ताकात मीठ कमी पडलंय का, असं विचारलं.

आदर्श खोलीत गेला. त्याचा काळा पडदा म्हणजे त्याची भाकरी होती. वडगावच्या या खोलीत बसून तो लांबलांबच्या सर्व्हरवर एसएसएचनं शिरायचा. वाट कुलूपबंद, किल्ली असेल त्यालाच आत घेणारी. हुकूम इथं लिहायचा, प्रोग्राम तिकडं चालायचा. लॅपटॉप मिटून माणूस जेवायला गेला तरी तिकडचं काम आपलं चालूच.

म्हणून तर त्याची जास्त जळत होती. आईचा तो लाडका निरोप सौरव रोज उठून लिहीत नव्हताच, हे त्याला माहीत होतं. इथली सकाळ म्हणजे तिकडं रात्र, कामाहून दमून पडायची वेळ, म्हणून सौरवनं भाड्याच्या सर्व्हरवर एक प्रोग्राम बसवला होता. चार दिवसांचं एकदम लिहून ठेवायचं. रोज एक निरोप प्रोग्राम पाठवणार. किल्ली त्यानं भावालाही दिली होती. आई ज्याची दृष्ट काढत होती, ते एक यंत्र होतं. आणि रक्तामांसाचा लेक इथं तिची वेणी घालत होता.

बाहेर पेला आपटल्याचा आवाज आला. चहा फरशीवर सांडला होता.

"तूच कायतरी बोलला असशील त्याला," नागुबाई म्हणाली. "ल्हानपणापासनं तुला त्याचं बघवत न्हाय. त्याला नवी सायकल घेतली तवाबी तू जेवला न्हवतास."

ते खरंच होतं. आदर्शच्या डोक्यात सणक गेली. तो तिच्या कानाशी वाकला. शेजारपाजारच्यांनी ऐकलं तरी चालेल, आज सगळंच ओरडून सांगायचं.

"आई, ऐक. ह्यो निरोप सौरव..."

त्याच्या बायकोनं, पूर्णिमानं, फरशी पुसता पुसता फडकं टाकलं आणि त्याचा दंड धरला. "अहो, नको. तेवढ्यावर जीव हाय त्यांचा. डॉक्टर काय म्हणालेत इसरलासा?"

"किती दिस ह्ये असंच?" तो हळू आवाजात म्हणाला.

"काय? सौरव काय?" नागुबाई त्याच्या ओठांकडे बघत होती.

आदर्श पुन्हा तिच्या कानाशी वाकला. "कामात असंल, म्हटलं."

तो खोलीत परतला आणि सर्व्हरवर शिरला. ते मशीन मध्येच बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. प्रोग्राम काही आपसूक उठला नव्हता. त्याची बोटं कीबोर्डवर थबकली. राहू दे तसाच पडून, असं एकदा मनात आलं. मग त्याचं मन वळलं. त्यानं थोडा वेळ काहीतरी टाइप केलं, प्रोग्राम चालू केला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकला.

फोन थरथरला.

नागुबाईनं तो उजव्या हातानं ओढून घेतला. बोट फिरू लागलं. "आई... उशीर झाला. चहा घे. आदर्शला... बोलत जाऊ नको. तो तुझं... लई करतो. माझ्यापेक्षा... जास्त."

आदर्श श्वास धरून उभा राहिला.

नागुबाईनं तेच पुन्हा वाचलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं मान वर केली. आदर्श दोन पावलं पुढं सरकला.

"बघ," ती त्याला म्हणाली, "बघ कसा भाऊ हाय तुझा! एवढ्या लांब बसून तुझी बाजू घेतोय. तुझ्या तोंडात कधी आलं का रं त्याच्याबद्दल असं चांगलं?"

आणि तिनं फोन छातीशी धरून नवा चहा मागितला.

आदर्श आत जाऊन लॅपटॉपपुढं बसला. पूर्णिमा दारात आली. "आज जरा जास्तच लिवलासा तुमी," ती हळूच म्हणाली. "उद्याचं तेवढं पयल्यासारखंच असू द्या."

त्यानं उद्याचा निरोप लिहायला घेतला. कॅनडात बर्फावरून गाडी घसरून सौरव वारला होता, तो दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत. तेव्हापासून निरोप आदर्शच लिहीत होता.