पिराजीचा ओळंबा

"हलू नकोस," म्हणत पिराजी गवंड्यानं लेकीला कडेनं भिंतीला खेटून उभं केलं आणि तिचा गुडघा नि भिंत यांमधली फट बोटांनी मोजली. दोन बोटं! सहा महिन्यांपूर्वी एकच होतं.

ऑपरेशननं तिचे वाकडे पाय सरळ झाल्यावर गुडघ्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या काढताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "वाढतं हाड आहे, पुन्हा वाकू शकतं." त्यानं तडक दवाखाना गाठला.

"पाय सरळसोट आहेत," डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "पोरगी उंच मात्र झालीय."

घरी येऊन त्यानं भिंतीलाच दोरीचा ओळंबा सोडून पाहिला. त्याच्याच हातची, गावभर मिरवलेली भिंत! लेकीचा गुडघा आता जिथं येत होता, तिथं भिंतच बोटभर आत गेली होती.

संध्याकाळी आळीभर पेढे वाटत पिराजी छाती फुगवून सांगत होता, "माझं बांधकाम वाकडं निघालं!"